नव्याने बाजारात आलेली प्रयोगशाळा उपकरणे : विश्वसनीयता आणि सेवासाहाय्याचा प्रश्न
(ग्रामीण महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील उपकरणांची निवड करताना किंमत आणि तांत्रिक वैशिष्ट्ये यांची तुलना काळजीपूर्वक केली जाते. उपकरण बंद पडल्यास ते किती दिवसांत पुन्हा सुरू होईल, या प्रश्नाचा मात्र फारसा विचार होत नाही. उपकरण नव्याने बाजारात आलेले असेल तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. प्रस्तुत लेखात विश्वसनीयतेची संकल्पना, नव्या उपकरणांतील दोषांचे स्वरूप, क्षयरोग निदानाच्या जीनएक्सपर्ट व ट्रूनॅट या दोन यंत्रांचा अनुभव आणि त्यातून ग्रामीण महाविद्यालयांनी घ्यावयाचा बोध यांचे विवेचन केले आहे. उपकरणाची विश्वसनीयता ही उपकरण, ते जेथे चालते ती जागा आणि त्यामागील सेवाव्यवस्था या तिहींवर मिळून ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रयोगशाळा उपकरणे, विश्वसनीयता, अंशांकन, वॉरंटी, देखभाल करार, ग्रामीण महाविद्यालय.

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या अध्यापनात प्रात्यक्षिकाला असलेले स्थान सर्वमान्य आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २००० साली सुरू झालेली 'फिस्ट' योजना, जैवतंत्रज्ञान विभागाची २००८ पासूनची 'स्टार कॉलेज' योजना आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची पंचवार्षिक योजनांतर्गत अनुदाने यांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या महाविद्यालयांतही स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर, डिजिटल पीएच मीटर, पीसीआर यंत्र यांसारखी उपकरणे पोहोचली. ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय.

परंतु यातील काही उपकरणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच कापडी आच्छादनाखाली जातात. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांची नोंद असते, मूल्यांकन समितीला ती दाखविली जातात. विद्यार्थ्याच्या हाताला मात्र ती लागत नाहीत. याचे खापर बहुधा 'निकृष्ट माल' किंवा 'हाताळणीतील निष्काळजीपणा' यांवर फोडले जाते. ही दोन्ही कारणे काही वेळा खरी असली तरी पुरेशी नाहीत. मिरजगावसारख्या अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील गावात सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून किंवा मुंबईहून यावा लागतो. तो एका बिघाडासाठी येईल की परिसरातील चार तक्रारी साठल्यावर येईल, यावर एका संपूर्ण सत्राचे प्रात्यक्षिक अवलंबून असते. म्हणूनच या प्रश्नाची मुळापासून मांडणी होणे गरजेचे वाटते.

१. विश्वसनीयता : संकल्पना

अचूकता आणि विश्वसनीयता या दोन गुणांत गल्लत होऊ नये. मोजलेले मूल्य खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे हे अचूकता सांगते. ठरविलेल्या परिस्थितीत, ठरविलेल्या काळापर्यंत उपकरण आपले काम न बिघडता करील याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता. या व्याख्येतील 'ठरविलेल्या परिस्थितीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वातानुकूलित खोली, स्थिर विद्युतदाब आणि धूळमुक्त हवा गृहीत धरून जाहीर केलेली विश्वसनीयता, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि भारनियमनाची सवय असलेल्या गावात जशीच्या तशी लागू पडत नाही.

विश्वसनीयताशास्त्रात बिघाडाचे प्रमाण काळानुसार कसे बदलते हे दाखविणारी एक आकृती प्रसिद्ध आहे. तिचा आकार न्हाणीच्या टबाच्या छेदासारखा असल्याने तिला 'बाथटब वक्र' म्हणतात. सुरुवातीला बिघाडांचे प्रमाण अधिक असते. सैल जोडण्या, सदोष घटक, जुळणीतील चुका या काळात उघड होतात. त्यानंतर दीर्घकाळ बिघाड कमी आणि तुरळक असतात. शेवटी झीज वाढून प्रमाण पुन्हा चढते. हा झाला एकेका नगाचा इतिहास. नव्या मॉडेलच्या बाबतीत त्यात आणखी एका दोषप्रकाराची भर पडते, ती म्हणजे रचनेतील दोषांची. हे दोष एका नगापुरते नसतात. त्या मॉडेलच्या प्रत्येक नगात असतात आणि पुरेसे ग्राहक, पुरेशा निरनिराळ्या परिस्थितींत ते वापरू लागल्यावरच कळून येतात. म्हणजे नव्या मॉडेलचा पहिला ग्राहक हा नकळत त्याचा परीक्षकही असतो.

हे दोष घरातच शोधून काढण्याचे एक उत्तम उदाहरण उपकरणांच्या इतिहासात सापडते. १९४१ मध्ये बाजारात आलेला बेकमन कंपनीचा 'डीयू' स्पेक्ट्रोफोटोमीटर हा वस्तुतः त्या मालिकेतील चौथा नमुना होता. पहिल्या नमुन्यातील काचेचा लोलक अतिनील प्रारणांसाठी उपयोगी ठरत नव्हता, म्हणून पुढील नमुन्यात क्वार्ट्झचा लोलक आला. तरंगलांबी बदलण्याच्या यंत्रणेतही सुधारणा करण्यात आली. मधले नमुने मोजकेच बनविले गेले. चौथा नमुना १९७६ पर्यंत उत्पादनात राहिला आणि त्याचे ३० हजारांहून अधिक नग विकले गेले. आज बाजारपेठेतील स्पर्धेमुळे हा संयम दुर्मीळ झाला आहे. दोष राहिले तर पुढील आवृत्तीत दुरुस्त करू, असा उत्पादकांचा कल दिसतो.

२. जीनएक्सपर्टचा अनुभव

नव्या उपकरणाच्या लहान गावांतील वाटचालीचा सविस्तर अभ्यास महाविद्यालयीन उपकरणांच्या बाबतीत सहसा होत नाही. क्षयरोग निदानाच्या यंत्रांबाबत मात्र तो झाला आहे. ही यंत्रे तालुका पातळीवरील प्रयोगशाळांत चालली; तेथील वीज, धूळ आणि तापमान आपल्याच ओळखीचे आहे. म्हणून हे उदाहरण येथे घेतले आहे.

जीनएक्सपर्ट हे अमेरिकेतील सेफाइड कंपनीचे यंत्र. थुंकीच्या नमुन्यातील क्षयजंतूंचा डीएनए ओळखून, त्याचबरोबर रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतात की नाही हेही ते सुमारे दोन तासांत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये या चाचणीची शिफारस केली. पारंपरिक संवर्धन पद्धतीत अनेक आठवडे लागत, त्या तुलनेत हा बदल क्रांतिकारक होता. भारतात ही चाचणी 'सीबीनॅट' या नावाने परिचित झाली. २०१२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमांतर्गत १८ ठिकाणी तिची विकेंद्रित स्तरावर व्यवहार्यता तपासण्यात आली.

या यंत्राच्या वाटचालीतील तीन बाबी आपल्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिली बाब रचनेतील दोषांची. सुरुवातीच्या काट्रिजमध्ये काही वेळा रिफाम्पिसिनला रोध नसतानाही रोध दाखविला जात असे, तसेच काही चाचण्या मध्येच थांबत. व्यापक वापरानंतर हे लक्षात आले आणि उत्पादकाने काट्रिज व सॉफ्टवेअर यांत बदल करून 'जी-४' ही सुधारित आवृत्ती आणली. शिफारस झालेले, मान्यवर नियतकालिकांत गौरविलेले यंत्रही पहिल्या वर्षांत दुरुस्तीच्या प्रक्रियेतून जातच होते, हे यावरून स्पष्ट होते. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. चुकीच्या रोध-निकालामुळे एखाद्याला दीर्घ आणि त्रासदायक पर्यायी उपचार सुरू होऊ शकतो.

दुसरी बाब जागेची. हे यंत्र ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालावे आणि काट्रिज २ ते २८ अंशांत साठवावीत, अशी अट आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांत मार्च ते जून या काळात ही अट वातानुकूलनाशिवाय पाळणे अशक्य आहे. त्यामुळे यंत्राबरोबर वातानुकूलन यंत्र, यूपीएस आणि धुळीपासून संरक्षण यांची तजवीज करावी लागली. यंत्राच्या किमतीत या गोष्टी नसतात; परंतु त्यांच्याशिवाय यंत्रही नसल्यासारखेच असते.

तिसरी बाब सेवासाहाय्याची. ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय देणगीदार संस्थांशी झालेल्या करारामुळे सवलतपात्र देशांसाठी काट्रिजची किंमत १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आली. किंमत उतरल्याने चाचणी अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. मात्र अंशांकन, बिघडलेल्या मॉड्यूलची बदली आणि वॉरंटी संपल्यानंतरची देखभाल हा निराळा खर्च होता आणि त्याची तरतूद निराळी करावी लागत होती. प्रचलित चार मॉड्यूलच्या यंत्रात प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे चालते, ही रचना येथे उपकारक ठरते. एक मॉड्यूल बंद पडले तरी उरलेली तीन काम करीत राहतात. सेवा उशिराने मिळणार असेल तेथे अशी अंगभूत पर्यायी व्यवस्था किती मोलाची असते, हे वेगळे सांगावयास नको.

३. ट्रूनॅट : जागा ओळखून केलेली रचना

याच क्षेत्रातील दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे. बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेले आणि गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत मोलबायो डायग्नोस्टिक्सकडून उत्पादित होणारे ट्रूनॅट यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून घडविण्यात आले. ते बॅटरीवर चालते आणि ४० अंशांपर्यंतच्या तापमानात काम करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोग निदानासाठी त्याची शिफारस केली. त्याच वर्षी कोविड महामारीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविड तपासणीसाठीही त्याच्या वापरास मान्यता दिली.

ट्रूनॅट सर्वच बाबतींत सरस आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. जीनएक्सपर्टमध्ये नमुना बंद काट्रिजमध्ये टाकला की पुढील क्रिया आपोआप होतात. ट्रूनॅटमध्ये डीएनए वेगळा करण्याचे यंत्र स्वतंत्र असून, त्यातून मिळालेला द्रव पिपेटने चिपवर सोडावा लागतो. म्हणजे तंत्रज्ञाच्या हातचे काम अधिक असते आणि त्याचे प्रशिक्षण अधिक महत्त्वाचे ठरते. एका यंत्राने जागेवरील अटी वाढवून माणसाचे काम कमी केले. दुसऱ्याने जागेच्या अटी शिथिल करून माणसावरील भार वाढविला. कोणता सौदा आपल्याला परवडतो, हे ज्याने त्याने आपली जागा आणि आपली माणसे पाहून ठरवावयाचे असते. उपकरण निवडीचे मर्म या तुलनेत सामावलेले आहे, असे म्हणता येईल.

४. बोलके दोष आणि मूक दोष

दोषांचे आणखी एक वर्गीकरण अध्यापकांच्या विशेष उपयोगाचे आहे. काही दोष उपकरण स्वतःच जाहीर करते. पडदा बंद पडतो, दिवा लागत नाही, 'एरर' असा संदेश येतो. हे बोलके दोष होत. काही दोषांत उपकरण सुरळीत चालत राहते, आकडे देत राहते, आणि ते आकडे चुकीचे असतात. हे मूक दोष होत. बोलक्या दोषामुळे प्रात्यक्षिक थांबते. मूक दोषामुळे चुकीचे प्रात्यक्षिक निर्विघ्न पार पडते.

चांगल्या उपकरणाचा एक गुण म्हणजे ते आपले मूक दोष बोलके करते. जीनएक्सपर्टच्या प्रत्येक काट्रिजमध्ये निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणू नियंत्रणासाठी घातलेले असतात. रुग्णाच्या नमुन्यात क्षयजंतू सापडले नाहीत आणि हे बीजाणूही ओळखले गेले नाहीत, तर यंत्र 'निगेटिव्ह' न म्हणता 'इनव्हॅलिड' म्हणते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील थेरॅनोस कंपनीचे. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर अनेक चाचण्या करण्याचा दावा करीत तिने २०१३ मध्ये औषध दुकानांच्या साखळीतून आपली सेवा सुरू केली. पुढे तपासणीअंती तिला २०१६ मध्ये आपल्या 'एडिसन' यंत्रावरील २०१४ व २०१५ या दोन वर्षांचे निकाल रद्द ठरवावे लागले. ज्या रुग्णांनी ते निकाल घेऊन औषधे बदलली असतील, त्यांना यंत्राने काहीच सूचना दिली नव्हती.

आपल्या परिसरातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे उदाहरण स्वयंचलित पर्जन्यमापकाचे आहे. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि पीकविम्यासारख्या निर्णयांत तेथील नोंदींना महत्त्व आले. डोलत्या बादलीच्या प्रकारातील पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा, धूळ किंवा पक्ष्याचे घरटे अडकले, तर बॅटरी, प्रक्षेपक आणि सर्व इलेक्ट्रॉनिक भाग ठणठणीत असूनही यंत्र शून्य पाऊस कळवीत राहते. मिरजगावसारख्या पर्जन्यछायेतील मंडळात 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला गेला नाही' यांतील फरक हा शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा फरक ठरू शकतो. हा दोष कोणत्याही आधुनिक सुविधेने दूर होत नाही. कोणीतरी ठरावीक दिवसांनी जाऊन नरसाळे साफ करावे लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मूक दोष ओळखण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नसते. स्पेक्ट्रोफोटोमीटरची तरंगलांबी होल्मियम ऑक्साइडच्या द्रावणाने तपासता येते. त्याची शिखरे सुमारे २४१, २८७, ३६१ आणि ५३६ नॅनोमीटरवर मिळावयास हवीत. शोषणांकाची पडताळणी पोटॅशियम डायक्रोमेटच्या प्रमाण द्रावणाने होते. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडचा उतार २५ अंश सेल्सिअसला प्रति पीएच एकक ५९.१६ मिलिव्होल्ट असावा, हे नर्न्स्टच्या समीकरणावरून आपण वर्गात शिकवितोच. दोन बफरांच्या साहाय्याने तो प्रत्यक्ष मोजून ९५ टक्क्यांखाली गेल्यास इलेक्ट्रोडकडे संशयाने पाहावे. ही पडताळणी विद्यार्थ्यांकडूनच करून घेतली, तर उपकरणाची निगा राखणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होतो.

५. दुरुस्तीला लागणारा काळ : एक साधे गणित

उपकरण उपलब्ध असण्याचे प्रमाण दोन संख्यांवर अवलंबून असते : दोन बिघाडांमधील सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ. पहिल्या संख्येला दोन्हींच्या बेरजेने भागले असता उपलब्धता मिळते.

समजा, 'अ' हे उपकरण सरासरी ३६५ दिवसांनी बिघडते आणि दुरुस्तीस ६० दिवस लागतात. त्याची उपलब्धता ३६५ भागिले ४२५, म्हणजे सुमारे ८६ टक्के. 'ब' हे उपकरण दुप्पट टिकाऊ आहे, ते ७३० दिवसांनी बिघडते. परंतु त्याचा सुटा भाग परदेशातून येत असल्याने दुरुस्तीस १२० दिवस लागतात. त्याची उपलब्धताही तितकीच, ८६ टक्के. आता 'क' हे उपकरण 'अ' इतकेच, म्हणजे ३६५ दिवसांनी बिघडणारे आहे. मात्र त्याचा इंजिनिअर पाच दिवसांत दुरुस्ती करून जातो. त्याची उपलब्धता ३६५ भागिले ३७०, म्हणजे ९८.६ टक्के. टिकाऊपणा दुप्पट करून जे साधले नाही, ते दुरुस्तीचा काळ कमी करून साधले.

शिवाय टक्केवारीतून पूर्ण चित्र स्पष्ट होत नाही. सत्रातील प्रत्यक्ष प्रात्यक्षिकांचे आठवडे बाराच्या आसपास असतात. साठ दिवसांची दुरुस्ती सत्राच्या मध्यावर आली, तर त्या तुकडीच्या दृष्टीने उपकरणाची उपलब्धता ८६ टक्के नसते. ती जवळजवळ शून्यच असते. पुढच्या वर्षी उपकरण दुरुस्त होईल, पण ती तुकडी पुढे गेलेली असेल.

६. वॉरंटीचे घड्याळ आणि वापराचे घड्याळ

अनुदानाच्या खरेदीचा मोठा भाग ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावा लागतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. उपकरण मार्चअखेर येते, एप्रिल-मे मध्ये त्याचे इन्स्टॉलेशन होते, जूनमध्ये प्रवेश सुरू होतात आणि पहिली प्रात्यक्षिके जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये लागतात. बारा महिन्यांच्या वॉरंटीतील चार महिने उपकरणाला हातही न लागता संपलेले असतात.

उरलेल्या काळात तरी ते किती चालते? आठवड्याला तीन बॅच, प्रत्येकी तीन तास, बारा आठवडे असे धरल्यास एका सत्रात १०८ तास आणि वर्षाला २१६ तास होतात. एखाद्या औषधनिर्माण कंपनीच्या प्रयोगशाळेत तेच उपकरण रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस चालते. म्हणजे एका महिन्यातच २०० तास भरतात. सुरुवातीच्या वापरात उघड होणारे दोष, जे कंपनीत पहिल्या काही महिन्यांत, वॉरंटीच्या आत, विनामूल्य दुरुस्त होतात, ते आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, वॉरंटी संपल्यावर उघड होतात. 'वॉरंटी संपली आणि यंत्र बिघडले' ही सार्वत्रिक तक्रार योगायोगाची नाही. तिच्यामागे हे साधे अंकगणित आहे. वॉरंटीचे घड्याळ दिनदर्शिकेवर चालते, दोषांचे घड्याळ मात्र वापराच्या तासांवर.

न वापरल्याने उपकरण सुरक्षित राहते, हा समजही चुकीचा आहे. पडून राहिलेल्या पीएच इलेक्ट्रोडचे बल्ब कोरडे होतात, पावसाळ्यात प्रकाशीय भागांवर बुरशी चढते, अंतर्गत बॅटरी उतरून नोंदी पुसल्या जातात, एचपीएलसीच्या नळ्यांत बफरचे क्षार साठतात. म्हणजे कमी वापराने दोष उशिरा उघड होतात आणि नवे दोषही निर्माण होतात.

७. सॉफ्टवेअर : लवकर म्हातारा होणारा भाग

अलीकडील बहुतेक उपकरणे संगणकाला जोडलेली असतात. उपकरणाचा यांत्रिक व प्रकाशीय भाग पंधरा वर्षे टिकू शकतो; सॉफ्टवेअरचे तसे नाही. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० रोजी संपला. ज्या उपकरणांची सॉफ्टवेअर या प्रणालींवरच चालत होती, त्यांच्यापुढे जुना संगणक जपून ठेवणे किंवा शुल्क भरून नवी आवृत्ती घेणे, एवढेच पर्याय उरले. जुना संगणक बंद पडला की धडधाकट उपकरण निर्लेखनाच्या यादीत जाते. म्हणून खरेदीच्या वेळीच इन्स्टॉलेशन सीडी वा फाइल, परवाना क्रमांक आणि डोंगल यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करून ती विभागात सुरक्षित ठेवावीत. संगणकाशिवाय स्वतःच्या पडद्यावर वाचन देऊ शकणाऱ्या उपकरणाला ग्रामीण महाविद्यालयाने प्राधान्य द्यावे, असेही सुचवावेसे वाटते.

८. जागेची पूर्वतयारी

अनेक 'उपकरण-दोष' हे वस्तुतः जागेचे दोष असतात. त्यातील प्रमुख दोष अर्थिंगचा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब दोन-तीन व्होल्टच्या वर गेल्यास संवेदनशील उपकरणांची वाचने अस्थिर होतात, आणि इंजिनिअर येऊन 'यंत्र ठीक आहे' असे लिहून जातो. खड्ड्यात नियमित पाणी घालणे आणि मल्टीमीटरने महिन्यातून एकदा हा दाब मोजून नोंदविणे, एवढ्याने बरेच काही साधते. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे ऊर्ध्वपातन यंत्राच्या तापकावर क्षारांचे थर बसतात. त्यासाठी ठरावीक मुदतीने सौम्य आम्लाने सफाई करावी लागते. ऑनलाइन यूपीएस, खिडक्यांना धूळरोधक पट्ट्या आणि पावसाळ्यात सिलिका जेल, या बाबी उपकरणाच्या अंदाजपत्रकातच समाविष्ट व्हाव्यात.

९. खरेदी समितीसाठी काही सूचना

अ) अगदी नवे मॉडेल आणि बंद होऊ घातलेले मॉडेल, दोन्ही टाळावीत. नव्या मॉडेलचे सुटे भाग व प्रशिक्षित इंजिनिअर पुरेसे नसतात. जुन्याचे सुटे भाग लवकरच मिळेनासे होतात. दोन-तीन वर्षे बाजारात असलेले आणि उत्पादन चालू असलेले मॉडेल हा सुरक्षित मध्यममार्ग होय.

आ) पुरवठादाराकडून जिल्ह्यातील व शेजारच्या जिल्ह्यांतील त्याच मॉडेलच्या वापरकर्त्यांची यादी मागवावी आणि त्यांतील किमान तिघांशी बोलावे. 'यंत्र कसे आहे?' यापेक्षा 'शेवटची तक्रार कधी केली आणि इंजिनिअर कितव्या दिवशी आला?' हा प्रश्न विचारावा.

इ) तुलनात्मक तक्ता पाच वर्षांच्या एकूण खर्चाचा करावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार लाखांचे उपकरण, एक वर्षाची वॉरंटी आणि नंतर चार वर्षे दरसाल दहा टक्के दराचा देखभाल करार, असा एकूण खर्च ५ लाख ६० हजार होतो. साडेचार लाखांचे उपकरण, तीन वर्षांची वॉरंटी आणि नंतर दोन वर्षे पाच टक्के दराचा करार, असा एकूण खर्च ४ लाख ९५ हजार होतो. केवळ कोटेशनमधील दर पाहणाऱ्या समितीला पहिले उपकरण स्वस्त वाटेल.

ई) एएमसी आणि सीएमसी यांतील फरक लक्षात घ्यावा. एएमसीमध्ये साधारणतः फक्त इंजिनिअरच्या भेटी व श्रम येतात. सीएमसीमध्ये सुटे भागही येतात. कोणते भाग वगळले आहेत, विशेषतः दिवे, इलेक्ट्रोड, कॉलम, हे लेखी घ्यावे.

उ) वॉरंटी मालाच्या पोहोचेपासून सुरू न होता समाधानकारक प्रात्यक्षिक-चाचणीपासून सुरू व्हावी, आणि ज्या दिवशी उपकरण बंद असेल तितके दिवस ती वाढावी, अशी अट पुरवठा आदेशात घालावी. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये कामगिरी अनामत ही वॉरंटीसह सर्व जबाबदाऱ्या संपल्यानंतरही ६० दिवस वैध असावी, अशी तरतूद आहे. या तरतुदीचा वापर सेवा मिळविण्यासाठी करता येतो.

ऊ) इन्स्टॉलेशननंतरचे पहिले तीन महिने उपकरण मुद्दाम अधिकाधिक चालवावे. सुटीतील प्रकल्प, अध्यापकांचे संशोधन, माती-पाण्याच्या नमुन्यांची तपासणी यांसाठी ते रोज काही तास सुरू ठेवल्यास सुरुवातीचे दोष वॉरंटीतच बाहेर येतात.

ए) प्रत्येक उपकरणासाठी लॉगबुक ठेवावे. वापराचे तास, पडताळणीची वाचने, तक्रारीची तारीख, इंजिनिअरच्या भेटीची तारीख आणि बदललेला भाग, एवढ्या नोंदी पुरेत. पुढील खरेदीच्या वेळी हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो.

१०. एकट्या महाविद्यालयापलीकडे

सेवासाहाय्य ही एकट्या विभागाच्या आवाक्यातील गोष्ट नाही, याची जाणीव आपल्या धोरणकर्त्यांना पूर्वीपासून होती. १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत उभारलेली विज्ञान उपकरण केंद्रे आणि मुंबईच्या आयआयटीसारख्या ठिकाणची अत्याधुनिक उपकरण सुविधा केंद्रे ही त्याची साक्ष होत. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आय-स्टेम' पोर्टलमुळे देशातील संशोधन संस्थांची उपकरणे शोधून त्यावर वेळ आरक्षित करण्याची सोय झाली आहे. महागडे उपकरण स्वतः विकत घेण्यापेक्षा नमुने अशा केंद्रात पाठविणे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

मात्र दैनंदिन प्रात्यक्षिकांसाठी जवळचाच आधार हवा. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी या परिसरातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन एकाच मॉडेलची उपकरणे घेतली, तर सुटे भाग सामाईक ठेवता येतील, एका भेटीत इंजिनिअर चार ठिकाणची कामे करील आणि पुरवठादाराशी बोलताना आवाजालाही वजन येईल. प्रत्येक महाविद्यालयातील एका प्रयोगशाळा सहायकास प्राथमिक दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळाल्यास फ्यूज, दिवा, सैल जोडणी यांसारख्या किरकोळ कारणांसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागणार नाही. हा खर्च नव्या उपकरणाच्या तुलनेत नगण्य आहे.

निष्कर्ष

१) नव्या मॉडेलमधील दोष हे अपवादात्मक नसून अपेक्षित असतात, प्रश्न ते लवकर उघड होतात का आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त होतात, हा आहे.

२) ग्रामीण महाविद्यालयात उपकरणाचा वापर कमी तासांचा असल्याने सुरुवातीचे दोष बहुधा वॉरंटीनंतर उघड होतात. म्हणून वॉरंटीच्या अटी आणि पहिल्या महिन्यांतील वापर यांचे जाणीवपूर्वक नियोजन आवश्यक आहे.

३) दुरुस्तीचा काळ कमी करणे हे टिकाऊपणा वाढविण्याइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक परिणामकारक ठरते.

४) मूक दोष शोधण्याची नियमित पडताळणी ही अध्यापनाचाच भाग मानली जावी.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पदवीनंतर सुपे किंवा रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत मुलाखतीसाठी जातात. तेथे त्यांना उपकरणाचे तत्त्व विचारले जाते आणि ते चालवूनही दाखवावे लागते. तत्त्व त्यांना पुस्तकातून सांगता येते. चालविण्याचा सराव मात्र चालू असलेल्या उपकरणावरच होतो, आणि ते उपकरण त्यांच्या तीन वर्षांत चालू राहील की नाही, याचा निर्णय बहुतांशी आपण पुरवठा आदेशावर सही करतो त्या दिवशीच झालेला असतो.